चावीची वही

कोयंडा सुताराने स्वतःच्या हाताने बसवला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणी त्याला बिचारा म्हणायला नको.

उन्हाळा त्या वर्षी महिनाभर आधीच येऊन बसला होता. शाळेच्या आवारातला हापसा दहा वेळा खाली-वर केला की एकदा खोकायचा, वीस वेळा केला की कोमट, तांबडं पाणी थुंकायचा. टँकर तिसऱ्या दिवशी येई. आधी पोरांच्या पिण्याची टाकी भरायची, उरलं तर बायकांच्या संडासावरची. संडासातल्या नळाचं पाणी कुणीतरी भरून नेतं, असा हेडसरांना संशय होता.

"दार बघा कसं लोंबकळतंय," ते एकदा बाईंना म्हणाले. "तुमच्या घरात एवढा मोठा कारागीर, आणि शाळेचं दार असं! बरं दिसत नाही."

बाई चौथीला शिकवत. त्यांना नोकरीला लागून तीन वर्षं होत आली होती. सुट्टी लागायच्या आत त्यांचा कायम होण्याचा कागद वर जायचा होता, आणि त्या कागदावर एकच ओळ हेडसरांनी लिहायची होती. एवढं घरी कळल्यावर सुतार, म्हणजे बाईंचा नवरा, रविवारी पेटी उचलून गेला. त्याने चौकट सरळ केली. खोली इतकी अरुंद, की आत माणूस उभा राहिला तर दार मिटायला जागा उरत नव्हती. म्हणून त्याने दार फिरवून बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं. तीन जाड बिजागऱ्या मारल्या. कोयंड्याचे स्क्रू पट्टीखाली झाकले. एक पैसा घेतला नाही, आणि घरी येऊन आईपुढे छाती काढून बसला.

"असा बसवलाय, हत्तीनं धडक दिली तरी निघायचा नाही."

"हत्ती कशाला जातोय तिथं," सासू म्हणाली.

सोमवारी त्या कोयंड्याला पितळेचं कुलूप लागलं. चावी हेडसरांच्या खुर्चीमागच्या खिळ्यावर, आणि खिळ्याखाली एक लांबोळकी वही. हेडसरांनी स्वतः लाल पेन्सिलीने रकाने आखले होते. तारीख. नाव. चावी नेल्याची वेळ. परत आणल्याची वेळ. कारण.

हेडसर ओरडत नसत. ओरडणारा माणूस परवडतो. त्याचा घसा तरी बसतो. हे मऊ आवाजात बोलत, प्रत्येकाला "बाळा" नाहीतर "बाई" म्हणत, आणि दर वाक्याला "आपली शाळा म्हणजे एक कुटुंब" असं पालुपद लावत. कुटुंबातल्या पुरुषांना कुंपणापलीकडचं सगळं शिवार मोकळं होतं. बायका तीनच: बाई, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेल्या थोरल्या बाई आणि बालवाडीच्या ताई.

पहिल्याच दिवशी बाई चावी मागायला गेल्या तेव्हा समोर दोन पालक बसले होते.

"बोला बाई."

"सर, चावी."

"कसली चावी?"

कपाट, प्रयोगाची पेटी, संडास. शाळेत चाव्या तीनच, आणि बाईंच्या हातात रुमाल. तरी त्यांना विचारायचं होतं. बाईंनी खिळ्याकडे बोट केलं. पालकांनी बोटाकडे पाहिलं, मग खिळ्याकडे, मग एकमेकांच्या चपलांकडे.

"न्या की. सही करून न्या. कारणाचा रकाना मोकळा सोडू नका."

ताईंनी कारण लिहिलं होतं 'हात धुणे'. थोरल्या बाईंनी 'काम'. बाईंनी थोडा विचार करून 'वैयक्तिक' लिहिलं, आणि मागून हेडसर आपले हळूच म्हणाले, "शाळेच्या वेळात वैयक्तिक काय असतं, बाई?"

शनिवारी शाळा सुटल्यावर बैठक झाली. खिडक्यांतून भाजलेला वारा येत होता, पंखा तोच वारा गोल फिरवत होता. हेडसरांनी वही उघडली.

"थोरल्या बाई. या आठवड्यात अकरा वेळा. एकूण मिनिटं किती हो?"

हे गणिताच्या सरांना होतं. त्यांना आधीच बेरीज करायला बसवलं होतं. ते पेनाच्या टोपणाकडे बघत म्हणाले, "सत्तर."

"सत्तर मिनिटं. म्हणजे दोन तासिका, पोरांच्या हक्काच्या. मी दोष देत नाही हं. वयपरत्वे होतं माणसाला."

मागच्या बाकावरून कुणीतरी नाकातून हसलं. थोरल्या बाई मान खाली घालून पर्सची साखळी उघडत राहिल्या, लावत राहिल्या. ज्या बाईंनी याच शाळेतल्या दोन शिक्षकांना कधीकाळी हाताला धरून पाटीवर गिरवायला शिकवलं होतं, त्यांची सत्तर मिनिटं त्या दोघांसमोर मोजली गेली. दोघांपैकी एक नाकातून हसला होता.

सोमवारपासून बाईंनी शाळेत पाणी पिणं सोडलं.

सोपं होतं ते. सकाळी चहा टाळायचा, घोटभर पाण्यावर निघायचं, आणि शाळा सुटेपर्यंत जीभ टाळूला लावून ठेवायची. खडूची धूळ घशात बसे. दुपारनंतर फळ्यावरची अक्षरं कडेने वितळायला लागत. दोन आठवडे असे गेले आणि पुढच्या शनिवारी हेडसर वहीवरून बोट फिरवत म्हणाले, "बाई. शून्य वेळा. शून्य मिनिटं! याला म्हणतात कामावरची निष्ठा. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. आणि खरं सांगायचं तर बाईंना क्षणभर बरंही वाटलं. तीन वर्षांत त्या खोलीत त्यांचं कौतुक असं पहिल्यांदाच होत होतं, आणि ते कशाबद्दल होतंय हे कळायला टाळ्या थांबाव्या लागल्या.

घरात पहिला संशय आला सासूला, तोही बाटलीवरून. सकाळी ती स्वतः बाटली भरून पिशवीत ठेवी. संध्याकाळी तीच बाटली काढून उरलेलं पाणी परत माठात ओती, कारण त्या दिवसांत पाणी असं कुणी टाकत नव्हतं. आधी तिला वाटलं, सून काटकसरी. मग तिच्या लक्षात आलं की बाटली गळ्यापर्यंत भरलेली गेली तशीच गळ्यापर्यंत भरलेली परत येतेय. दिवसभर उन्हात फिरून आल्यासारखी, तापून.

"सूनबाई, तुला तहान लागत नाही का गं?"

"शाळेत नाही लागत."

"का? तिथं काय पाऊस पडतो?"

बाई हसल्या नाहीत. ओठ फुटले होते, हसलं की रक्त येई. सासूने बाटली हातात धरली आणि सुनेला चुलीशी बसताना पाहिलं. ती एक हात कमरेवर ठेवून, भिंत धरून, गरोदर बाईसारखी बसली.  बाटलीतलं पाणी सासूने माठात न ओतता पेल्यात ओतलं आणि पेला सुनेच्या तोंडाला लावून, तो रिकामा होईपर्यंत हात काढला नाही.

तिसऱ्या दिवशी बाईंना हुडहुडी भरून ताप आला. लघवीला आग, कंबरेच्या उजव्या बाजूला कुणी पटाशी ठेवून ठोकतंय असा ठणका. सुताराने गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलायला फटकळ.

"दिवसाला पाणी किती पिता?"

"शाळा असते ना."

"शाळा असते म्हणजे? शाळेत तोंड नसतं?"

बाईंनी मग सांगितलं. खिळा, वही, रकाने. डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं.

"आग वर मूत्रपिंडापर्यंत गेलीय. मी गोळ्या देते. पण तुम्ही पाणी पिणार नसाल आणि दर दोन तासांनी जाणार नसाल, तर गोळ्या खडूसारख्या चघळा, तेवढाच उपयोग." मग सुताराकडे वळून, "आणि तुम्ही हो? तुम्हाला घरात काही दिसत नाही?"

सुतार दवाखान्याच्या दाराकडे बघत होता. सवयीने. दार चौकटीला घासत होतं, आणि त्याला तेवढंच दिसत होतं.

घरी आल्यावर सासूने सगळं ऐकून घेतलं. सुतार फळी रंधायला बसला होता, रंधा अर्ध्यात थांबला.

"मी आत्ता जातो आणि त्या हेडसरला..."

"जाऊन काय करणार? हत्ती नेणार?" सासू म्हणाली. "तूच म्हणालास ना, हत्तीला निघायचा नाही म्हणून?"

"आई, मला काय ठाऊक तो माणूस बायकांना..."

"कुलूप कुणासाठी ते विचारायचं असतं रे. आधी विचारायचं, मग ठोकायचं."

तो रंध्यातून सुटलेली लाकडाची साल बोटाला गुंडाळत राहिला, ती तुटली, मग दुसरी घेतली.

चार दिवसांनी बाई डॉक्टरणीचं पत्र घेऊन शाळेत गेल्या. हेडसरांनी ते दोनदा वाचलं, जरा मोठ्यानेच, कारण खोलीत गणिताचे सरही होते.

"दर दोन तासांनी? मग बाई, वर्गावर कोण?"

"पाच मिनिटं लागतात, सर."

"मला काळजी तुमचीच आहे." आवाज अगदी मऊ. "हे पत्र मी तुमच्या कायमच्या कागदाला जोडतो. प्रकृती अशी नाजूक असेल तर वरच्यांना ठाऊक असलेलं बरं, नाही का? की नको जोडू? तुम्ही सांगा. आपण कुटुंब आहोत."

बाईंनी पत्र परत मागून घेतलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. चावी मागितली नाही.

त्याच दुपारी सगळ्यांना बैठकीला बोलावलं. वरून एक फॉर्म आला होता. मथळा मोठ्या अक्षरात: 'शिक्षकांचे मनःस्वास्थ्य'. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार चौकोन.

"डोकं चालवू नका," हेडसर म्हणाले. "पहिल्या चौकोनात खूण करत जा. 'पूर्णपणे सहमत'. मी वाचतो, तुम्ही खूण करा. सगळ्यांचं एकसारखं दिसलं पाहिजे."

गोळ्यांसाठी म्हणून बाई त्या दिवशी पाणी प्यायल्या होत्या. तीन प्रश्न झाले. सहा झाले. बाईंनी हात वर केला, चौथीतली मुलं करतात तसा.

"सर, चावी."

"चौदाच राहिलेत. होऊ द्या पूर्ण."

"सर, मला..."

"बाई. शून्य मिनिटंवाल्या बाई ना तुम्ही? प्रश्न सातवा. 'शाळेतील वातावरण मोकळे व आपुलकीचे आहे.' पहिला चौकोन."

बाईंनी दात आवळले. घाम कानामागून मानेवर उतरला. पेनाचं टोक कागदावर टेकलं आणि खूण करता करताच, आपुलकीच्या चौकोनात, त्यांना कळलं की आता काही आपल्या हातात नाही. बाकावर ऊब पसरली. मग कडेवरून खाली एक थेंब गेला. मग आणखी.

बाईंना चौतिसावं चालू होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त शेजारी काहीतरी हललं एवढं दिसलं.

थोरल्या बाईंनी आपल्या बाटलीचं झाकण उघडलं होतं. त्यांनी थोडंसंच लवंडवलं नाही. अख्खी बाटली, शांतपणे, बाईंच्या मांडीवर, बाकावर, जमिनीवर उलटी केली. मग मोठ्याने ओरडल्या, "अगं बाई! सांडलं की गं सगळं! हात थरथरतो मेला. वयपरत्वे होतं!"

हेडसर उठून उभे राहिले. "थोरल्या बाई! थेंब थेंब पाण्यासाठी माणसं मरतायत आणि तुम्ही..."

"हो ना," थोरल्या बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या. "मरतायत खरी."

ताईंनी फडकं आणलं. तिघी खाली वाकल्या. बाकाखाली, पुसता पुसता, थोरल्या बाईंनी बाईंचा हात गच्च धरला आणि तोंडातल्या तोंडात एक अशी शिवी दिली, जी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नसेल.

बाई ओल्या कपड्यांनी घरी चालत गेल्या. उन्हात कपडे वाटेतच वाळले. घरी कुणाला रडून दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि रडू आलंही नाही. त्या थेट सुताराच्या पडवीत गेल्या.

"अहो, बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"

"कशाच्या?"

"त्याच दाराच्या."

सुताराने पाहिलं. बायकोचा चेहरा त्याने लग्नापासून पाहिला होता, पण हा नव्हे.

"दार बाहेर उघडतं," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे बिजागऱ्या बाहेरूनच. त्यांच्यात सळ्या आहेत, खालून ठोकल्या की वर निघतात." आणि मग, जरा घाईने, "मी येतो. मीच काढतो."

"तुम्ही बसवलंत तेवढं पुष्कळ झालं. मला शिकवा."

सासू दारात येऊन उभी होती. "शिकव की रे. तीन वर्षं ती दुसऱ्यांची पोरं शिकवतेय, तुला एक बायको शिकवता येत नाही?"

सुताराने एका जुन्या पेटीचं झाकण समोर घेतलं. जाड बोथट खिळा सळीच्या बुडाशी कसा टेकवायचा, हातोडी लांब न धरता कशी मारायची. बाईंनी दोनदा अंगठ्यावर मारून घेतलं. "आधी खालची, मग मधली. वरची शेवटी. आणि दार धरायला कुणी असू दे, जड आहे." आणि मग खाली बघत, "लाकूड चांगलं वापरलंय मी."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पाठाच्या टाचणवहीशेजारी हातोडी गेली. पहिल्या तासाला बाईंनी चौथीला शुद्धलेखन दिलं आणि त्या वर्गासमोरच बाटलीतलं निम्मं पाणी प्यायल्या. मधल्या सुट्टीच्या आधी उरलेलं. मग त्या उठल्या.

पहिल्या ठोक्याला धूळ झडली. दुसऱ्याला काही झालं नाही. तिसऱ्याला सळी बोटभर वर आली. आवाज सगळ्या शाळेत घुमत होता; पोरं खिडक्यांना लोंबकळली. ताई बालवाडी तशीच सोडून आल्या आणि दाराला खांदा लावला. थोरल्या बाई आल्या, त्यांनी निघालेली एकेक सळी हातात घेतली, पुसली, पर्समध्ये टाकली आणि साखळी लावून टाकली. वरची सळी निघाली तसं दार उलट्या बाजूने सुटलं, कुलपाच्या बाजूवर कुरकुरत फिरलं. पितळेचं कुलूप जागच्या जागी होतं. लागलेलं.

बाई आत गेल्या. ताईंनी दार चौकटीशी दाबून धरलं. थोरल्या बाई दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या, आणि पलीकडून धावत येणाऱ्या हेडसरांना म्हणाल्या, "थांबा. आत माणूस आहे."

हेडसर थांबले. काय करतील? तेवढं अंतर सगळी शाळा बघत होती.

बाई बाहेर आल्या, हात धुतले, आणि हेडसरांच्या आधी त्यांच्या खोलीत पोचल्या. वही उघडली. तारीख, नाव घातलं. चावी नेल्याची वेळ: नेली नाही. परत आणल्याची वेळ: नेलीच नाही. कारणाच्या रकान्यात त्यांनी फळ्यावर काढतात तशा वळणदार अक्षरात लिहिलं: लघवी.

"हे काय लिहिलंय?" हेडसरांचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "शाळेच्या वहीत असले शब्द?"

"शनिवारी वाचून दाखवा, सर. मोठ्यानं. मिनिटं मीच मोजलीत, चार."

"शाळेच्या मालमत्तेची नासधूस आहे ही! सुतार बोलवा कुणीतरी, आत्ताच्या आत्ता!"

"सुतार आमच्याच घरात आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना सवड नाही."

कोपऱ्यात गणिताचे सर बसले होते. हेडसर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही बघितलंत ना, सळ्या कुणी नेल्या ते?" गणिताच्या सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मी बेरीज करत होतो, सर," ते म्हणाले. त्यांच्यापुढे कागद नव्हता.

हेडसरांनी मग खण उघडला. कागद काढला. बाईंना पोरांच्या वह्या उलट्या बाजूने वाचायची सवय होती. हेडसर काय लिहितायत ते त्यांनी अक्षराअक्षराने वाचलं. काम समाधानकारक नाही. आणखी एक वर्ष वाट पाहावी. सही झाली, शिक्का बसला. शाई वाळेपर्यंत बाई उभ्या राहिल्या.  मग त्या चौथीच्या वर्गावर गेल्या आणि शुद्धलेखन तपासायला घेतलं.

संध्याकाळी त्यांनी घरात सगळं सांगितलं. कागदाचंही. सुताराने हातोडी परत घेतली, तिचा दांडा उगाच पुसला. "एक वर्ष," तो म्हणाला.

"एक वर्ष," बाई म्हणाल्या. "आणि ते दार तुम्ही परत बसवणार नाही म्हणून तुमच्या नावानं पत्र येईल. तयार राहा."

"येऊ दे. बिजागऱ्या मापाच्या आहेत. त्या सळ्या दुसऱ्या कुणाला मिळायच्या नाहीत."

 सासूने सुनेच्या पिशवीतून बाटली काढली, माठाजवळ नेली, झाकण उघडलं आणि रोजच्यासारखी उलटी धरली. धरून ठेवली. हलवून पाहिली. एक थेंब पडला नाही.

"ही लहान पडते गं," ती म्हणाली. "उद्यापासून मोठी देते."